इंग्रजीत राहण्याचे ठिकाण सांगताना इन, ऑन की ॲट?

वर्गशिक्षिका

सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. वर्षाच्या सुरुवातीला मुलांकडून स्वतःची ओळख करून देणारा परिच्छेद लिहून घेतला जातो आणि त्यात राहत्या ठिकाणाचे वाक्य हमखास असते. यंदा एकाच बाकावरच्या तीन मुलींनी ते तीन प्रकारे लिहिले. पहिलीने ‘आय लिव्ह इन रहिमतपूर’ असे लिहिले, दुसरीने ‘आय लिव्ह ॲट रहिमतपूर’ असे, तर तिसरीने ‘आय लिव्ह ॲट पोस्ट रहिमतपूर’ असे. तिसरे वाक्य का चालणार नाही हे समजावणे अवघड गेले नाही, कारण ‘मु. पो.’ ही पत्त्यावरची खूण आहे, ती वाक्यात येत नाही, एवढे सांगितले की मुलांना पटते. दुसऱ्या वाक्याबाबत मात्र शिक्षकांच्या खोलीत मतभेद झाले. देशाला आणि मोठ्या शहराला इन, लहान गावाला ॲट, हा नियम आमचे ज्येष्ठ सहकारी स्वतः शिकले आणि तोच त्यांनी आयुष्यभर शिकवला. नव्या सहकाऱ्यांच्या मते गाव कितीही लहान असले तरी इन हेच योग्य आहे. मुलांना नेमके काय सांगावे, आणि नुसता नियम न देता त्यामागचे कारण कसे सांगावे, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

कृष्णाकाठ

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा नियम त्यांच्या मनचा नाही. शालेय व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांत तो खरोखरच छापलेला असे, आणि त्या काळच्या इंग्रजी लेखनात लहान गावांच्या नावांआधी ॲट वारंवार येई. आजच्या इंग्रजीत मात्र राहण्याच्या संदर्भात गाव, शहर, जिल्हा, राज्य आणि देश या सर्वांना इन लागते. रहिमतपूर आणि मुंबई यांत या बाबतीत काहीही भेद उरलेला नाही. त्यामुळे मुलांना इन शिकवावे, परंतु ॲट लिहिणाऱ्या मुलीचे गुण कापू नयेत, असे माझे मत आहे.

आता कारणाविषयी. लिव्ह या क्रियापदापुढे अमुकच शब्दयोगी येतो असे मुलांना सांगितले की ती अडकतात, कारण तिन्ही शब्दयोगी त्याच क्रियापदापुढे येताना त्यांना दिसतात. निवड क्रियापदावरून होत नसून पुढच्या नामावरून होते. बोलणारा ते ठिकाण कोणत्या रूपात पाहतो, हा खरा प्रश्न आहे. ज्याला हद्द आहे आणि जे आपल्याला सामावून घेते अशा ठिकाणाला इन लागते. जे रेषेसारखे किंवा पृष्ठभागासारखे भासते, म्हणजे रस्ता, नदीकाठ, किनारा, मजला, त्याला ऑन लागते. नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल अशा नेमक्या बिंदूला ॲट लागते, आणि घरक्रमांकासह दिलेला पत्ता हा असाच बिंदू असतो.

एकाच थोर व्यक्तीच्या निवासस्थानांवरून हे फार चांगले शिकवता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत आधी परळच्या चाळीत राहत होते, तेव्हा ‘ही लिव्ह्ड इन अ चॉल इन परळ’ असे होईल, कारण चाळ आणि परळ या दोहोंनाही आत-बाहेर आहे. पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात राहू लागले. इथे कॉलनीला इन लागेल, पण नाव असलेल्या घराला ‘ॲट राजगृह’ असे म्हणतात, कारण घराचे नाव पत्त्याचे काम करते. 1921-22 मध्ये लंडनला शिकत असताना ते ‘ॲट 10 किंग हेन्रीज रोड’ राहिले. ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. दिल्लीतले त्यांचे अखेरचे निवासस्थान 26 अलीपूर रोड, तिथेही ॲटच लागेल. मात्र घरक्रमांक वगळून नुसता रस्ता सांगायचा असेल तर ‘ही लिव्ह्ड ऑन अलीपूर रोड’ असे होते. व्यक्ती तीच, क्रियापद तेच आणि रस्ताही तोच. फक्त क्रमांक गळला आणि त्याबरोबर बिंदूची रेषा झाली. ही शेवटची जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावी, मुलांच्या ती लगेच ध्यानात येते.

ॲट गावांच्या बाबतीत पूर्णपणे गेलेले नाही, हेही सांगायला हवे. प्रवासातला टप्पा म्हणून गावाचा उल्लेख येतो तेव्हा ते आजही वापरतात. ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट कोरेगाव’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण धावत्या गाडीच्या दृष्टीने कोरेगाव हा रुळावरचा एक बिंदूच असतो. तिथे राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र कोरेगाव म्हणजे पेठा, आळ्या आणि शेतशिवार असलेला विस्तार आहे, म्हणून तो इन म्हणतो.

दादरकर

वरील विवेचन उत्तम आहे. रस्त्यांच्या बाबतीत थोडी भर घालतो. ऑन हे मुख्यतः अमेरिकेचे वळण आहे. ब्रिटनमध्ये नाव असलेल्या गल्लीला किंवा रस्त्याला इन वापरण्याची रीत जुनी असून ती अजूनही टिकून आहे. त्यांच्या दृष्टीने रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांसह उभी असलेली वस्ती, आणि माणूस त्या वस्तीच्या आत राहतो. आपल्याकडे दोन्ही प्रकार कानावर पडतात. ‘ऑन लक्ष्मी रोड’ आणि ‘इन लक्ष्मी रोड’ यांपैकी मुलांना पहिला शिकवावा, तथापि दुसरा चूक ठरवू नये.

यातच एक धोक्याची जागा आहे. रस्त्याचे नाव न घेता ‘ही लिव्ह्ज ऑन द स्ट्रीट’ किंवा अनेकवचनात ‘ऑन द स्ट्रीट्स’ असे म्हटले की त्याचा अर्थ तो बेघर आहे असा होतो. मराठीतही ‘तो रस्त्यावर राहतो’ याचा अर्थ तोच. म्हणून ‘आमचे घर मुख्य रस्त्याला लागून आहे’ असे सांगायचे असेल तर ‘अवर हाउस इज ऑन द मेन रोड’ असे घराला कर्ता करून सांगणे अधिक सुरक्षित आहे.

वर्गशिक्षिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आंबेडकरांच्या निवासस्थानांचा पाठ मी याच आठवड्यात घेणार आहे. चर्चेच्या ओघात एक उपप्रश्न विचारते. आमच्या मुलांच्या बोलण्यात ‘वर’ फार येते. ‘आम्ही वस्तीवर राहतो’, ‘दादा कॉलेजच्या हॉस्टेलवर राहतो’, ‘ताई पुण्यात रूमवर राहते’ अशी वाक्ये ती बोलतात आणि त्यांचे भाषांतर करताना सर्वत्र ऑन लिहितात. ‘तिसऱ्या मजल्यावर’ याचे ‘ऑन द थर्ड फ्लोअर’ बरोबर होते, मग ‘ऑन द हॉस्टेल’ का नाही, असे त्यांनी विचारल्यावर मला समाधानकारक उत्तर देता आले पाहिजे.

मळेकरी

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण आमचे घरही गावठाणात नसून मळ्यात आहे. मराठीतला ‘वर’ नेहमी पृष्ठभाग दाखवत नाही. मूळ घर किंवा गाव सोडून माणूस कामासाठी, शिक्षणासाठी किंवा शेतीसाठी जिथे मुक्कामाला जातो त्या ठिकाणाला आपण ‘वर’ लावतो. हॉस्टेलवर, रूमवर, साइटवर, वस्तीवर, बंगल्यावर, तांड्यावर ही सगळी त्याच घराण्यातली रूपे आहेत. घर मात्र ‘घरावर’ होत नाही, ‘घरी’ होते, कारण घर हे जाऊन राहण्याचे ठिकाण नाही. या ‘वर’मध्ये जो ठाण्याचा भाव आहे तो इंग्रजीच्या ऑनमध्ये सहसा नसतो. ‘ऑन द हॉस्टेल’ असे म्हटले तर इंग्रज श्रोत्याच्या डोळ्यांसमोर इमारतीच्या छपरावर बसलेला मुलगा येईल. म्हणून ‘ही लिव्ह्ज इन अ हॉस्टेल’ आणि ‘शी लिव्ह्ज इन अ रेंटेड रूम इन पुणे’ असेच म्हणावे.

काही ठिकाणी दोन्ही भाषा जुळतात आणि मुलांचा घोटाळा नेमका तिथूनच सुरू होतो. मजला खरोखर पायाखालचा पृष्ठभाग आहे, म्हणून ऑन. शेताचेही तसेच आहे. इंग्रजीत ‘वुई लिव्ह ऑन अ फार्म’ म्हणतात, कारण त्यांच्या मनात फार्म म्हणजे घर, गोठा, विहीर यांसह असलेली जमीन असते आणि जमिनीवर माणूस राहतो. त्यामुळे ‘आम्ही वस्तीवर राहतो’ याला ‘वुई लिव्ह ऑन अवर फार्म, आउटसाइड द व्हिलेज’ हे अगदी चपखल उत्तर आहे. जहाजालाही ऑन लागते आणि बांधकामाच्या जागेला ‘ऑन साइट’ म्हणतात. महाविद्यालयाच्या आवाराला तर आर्टिकलही न लावता ‘ऑन कॅम्पस’ म्हणतात. पण तांडा किंवा पाडा ही वसाहत आहे, तिथे मराठीत ‘वर’ असला तरी इंग्रजीत इनच हवे.

आणखी एक. ‘तो मामाकडे राहतो’ या साध्या वाक्याला इंग्रजीत दोन वाटा आहेत. माणसावर भर असेल तर ‘ही लिव्ह्ज विथ हिज अंकल’ आणि जागेवर भर असेल तर ‘ॲट हिज अंकल्स’. या दुसऱ्या वाक्यात अंकलनंतर षष्ठीचा प्रत्यय लागतो आणि घर हा शब्द अध्याहृत राहतो. षष्ठी विसरून ‘ॲट हिज अंकल’ असे लिहिलेले वह्यांमध्ये पुष्कळदा आढळते, तेवढे पाहावे.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहीत आहे. बेटांचा विषय निघालेला नाही म्हणून मांडतो, कारण इथे आल्यावर मराठी माणसाला याचा उलगडा लवकर होत नाही. न्यूयॉर्क शहरातला माणूस ‘इन मॅनहॅटन’ राहतो, पण शेजारचाच दुसरा ‘ऑन स्टेटन आयलंड’ राहतो, आणि पूर्वेकडे उपनगरांत घर घेतलेले कुटुंब ‘ऑन लाँग आयलंड’ राहते. मॅनहॅटनही बेटच आहे. फरक असा की मॅनहॅटन म्हणताना कोणाच्याही मनात पाण्याने वेढलेला भूभाग येत नाही, शहराचा भाग येतो. उरलेल्या दोन्ही नावांत मात्र आयलंड हा शब्द उघड बसलेला आहे आणि तो आपल्याबरोबर ऑन घेऊन येतो.

देशांचेही असेच आहे. श्रीलंका आणि मॉरिशस ही बेटे आहेत, पण ती देश म्हणून मनात येतात, म्हणून इन. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या मराठी भाषकांबद्दल लिहिताना ‘मराठी स्पीकर्स लिव्हिंग इन मॉरिशस’ असेच लिहावे. मुंबई सात बेटांची मिळून झाली असली तरी ‘ऑन मुंबई’ म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र मुंबईच्या बंदरातल्या घारापुरीवर किंवा गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर राहणाऱ्या माणसाला ऑन लावणेच योग्य, कारण तिथे होडीने किंवा फेरीबोटीने जावे लागते आणि बेटपण सतत जाणवत राहते.

कागदपत्रे

मी प्रतिज्ञापत्रे आणि करारनामे तयार करण्याचे काम करतो, म्हणून रिझाइड या क्रियापदाविषयी लिहितो. आपल्याकडच्या इंग्रजी प्रतिज्ञापत्रात नाव, वय आणि व्यवसाय यांच्यानंतर ‘रिझायडिंग ॲट’ येते आणि पुढे सदनिका क्रमांकापासून पिनकोडपर्यंत संपूर्ण पत्ता येतो. इथे ॲट अचूक आहे, कारण पत्ता पूर्ण आहे. केवळ गावाचे किंवा तालुक्याचे नाव द्यायचे असेल तर ‘रिझायडिंग इन’ असे लिहावे. नामाने सांगायचे असल्यास ‘रेसिडेंट ऑफ’ असे होते आणि तिथे इन किंवा ॲट दोन्ही येत नाहीत. ‘रेसिडेंट ॲट’ असा संकर मसुद्यांमध्ये वारंवार सापडतो, तो टाळावा.

याच कुळातली इनहॅबिट आणि ऑक्युपाय ही क्रियापदे सकर्मक आहेत. त्यांच्यानंतर ठिकाण थेट कर्म म्हणून येते. ‘द टेनंट ऑक्युपाइज द फ्लॅट’ एवढेच पुरे, ‘ऑक्युपाइज इन द फ्लॅट’ हे चूक आहे. ड्वेलला वसण्याच्या अर्थाने इन लागते. ‘ड्वेल ऑन’ म्हटले की एखाद्या विषयावर रेंगाळणे असा वेगळाच अर्थ होतो.

शब्दसोबती

स्टे या क्रियापदाचाही विचार व्हावा. ‘व्हेअर डू यू स्टे?’ असे विचारणे आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे, परंतु बहुतेक इंग्रजी भाषकांच्या लेखी स्टे म्हणजे तात्पुरता मुक्काम. पाहुणा हॉटेलात स्टे करतो, घरमालक घरात लिव्ह करतो. मुलांना हा भेद सांगितला नाही तर परदेशात मुलाखतीच्या वेळी गैरसमज होतो.

दादरकर

भेद सांगावा, हे मान्य. पण आपला वापर सरसकट चूक ठरवण्याला माझा विरोध आहे. स्कॉटलंडमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतही कायमच्या राहण्यासाठी स्टे वापरतात. भारतीय इंग्रजीत तो वापर इतका स्थिरावलेला आहे की त्याला या देशाची रीत म्हणणेच न्याय्य ठरेल. परीक्षेत आणि परदेशी पत्रव्यवहारात लिव्ह वापरावे, एवढी सूचना पुरेशी आहे. शब्दयोगी अव्ययांच्या दृष्टीने तर दोघांत फारसा फरक पडत नाही. हॉटेलाला मात्र स्टेनंतर इन आणि ॲट दोन्ही चालतात.

शब्दसोबती

परदेशातील वापराची माहिती माझ्यासाठी नवी आहे. तुमची सूचना मला मान्य आहे.

कृष्णाकाठ

जिथे शब्दयोगी मुळीच नको अशा जागांविषयी आतापर्यंत कोणी लिहिलेले नाही, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुका तिथेच होतात. हिअर, देअर, अब्रॉड, अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स, नेक्स्ट डोअर, निअरबाय ही क्रियाविशेषणे आहेत. ‘माझा भाऊ परदेशात राहतो’ या वाक्यातल्या ‘त’ प्रत्ययामुळे मुले ‘इन अब्रॉड’ लिहितात, पण परदेशात या संपूर्ण शब्दाचा अर्थ एकट्या अब्रॉडमध्ये आलेला असतो. लंडनमधल्या जुन्या घरांच्या भिंतींवर निळ्या गोल पाट्या लावलेल्या असतात आणि त्यांवर अमुक व्यक्ती ‘लिव्ह्ड हिअर’ एवढेच लिहिलेले असते. त्या दोन शब्दांत राहण्याचे पूर्ण वाक्य कसे होते, हे मुलांना अवश्य दाखवावे.

वाक्याच्या शेवटी येणारा इन हा दुसरा नाजूक भाग आहे. ‘द व्हिलेज आय लिव्ह इन’ आणि ‘द व्हिलेज व्हेअर आय लिव्ह’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत, मात्र ‘द व्हिलेज व्हेअर आय लिव्ह इन’ यात एकच काम दोघांकडून करून घेतले जाते. तसेच ‘अ हाउस टू लिव्ह इन’ यात शेवटचा इन आवश्यक आहे, कारण घरात राहायचे असते. प्लेस या शब्दाला मात्र भाषेने सवलत दिलेली आहे, ‘अ प्लेस टू लिव्ह’ हे इनशिवायही पूर्ण मानले जाते. ही सवलत तर्काने सिद्ध करण्याच्या भरीस पडू नये, ती रूढीची आहे.

‘समोर’ या शब्दानेही फार गोंधळ होतो. ‘आम्ही मारुतीच्या देवळासमोर राहतो’ याचे भाषांतर मुले ‘इन फ्रंट ऑफ’ असे करतात. मध्ये रस्ता असून घर आणि देऊळ एकमेकांकडे तोंड करून उभे असतील तर ऑपोझिट हा शब्द हवा. ऑपोझिटनंतर टू लावण्याची आपल्याकडची सवयही सोडायला हवी, ‘वुई लिव्ह ऑपोझिट द टेंपल’ एवढे पुरते. नीअरचेही तसेच आहे. ‘नीअर द स्टेशन’ असे सरळ म्हणावे आणि लांबचे सांगताना ‘फार फ्रॉम द स्टेशन’ असे म्हणावे. ‘नीअर फ्रॉम’ हे रूप या दुसऱ्याच्या संगतीने तयार झालेले असून ते चुकीचे आहे.

वर्गशिक्षिका

एवढी सामग्री एका तासिकेत मावणार नाही, पण तिचा क्रम मनात लागला आहे. पहिल्या तासाला मी विस्तार, रेषा आणि बिंदू एवढेच घेणार आहे, दुसऱ्या तासाला मुलांच्या बोलण्यातला ‘वर’, आणि अब्रॉड व हिअर त्यानंतर. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना रेल्वेचे उदाहरण दाखवले. आपला नियम कोठून आला आणि आज तो कुठे लागू पडतो हे कळल्याचा त्यांना आनंद झाला. वह्या तपासताना एक वाक्य बाजूला काढून ठेवले होते, त्याविषयी विचारून थांबते. एका मुलाने ‘आम्ही भाड्याने राहतो’ याचे ‘वुई लिव्ह ऑन रेंट’ असे लिहिले आहे. ते ऐकायला बरोबर वाटते, तरीही खात्री होत नाही.

कागदपत्रे

ते वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, परंतु त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. लिव्ह ऑन यापुढे पैसा किंवा अन्न आले की त्याचा अर्थ त्यावर उदरनिर्वाह करणे असा असतो. निवृत्त माणूस ‘लिव्ह्ज ऑन अ पेन्शन’, म्हणजे पेन्शनवर जगतो. त्याच न्यायाने ‘वुई लिव्ह ऑन रेंट’ याचा अर्थ भाड्याच्या उत्पन्नावर आमचे घर चालते असा होईल, म्हणजे भाडेकरू कुटुंब वाचकाला घरमालक वाटेल. त्या मुलाला ‘वुई लिव्ह इन अ रेंटेड हाउस’ असे लिहायला सांगावे, किंवा त्याहून सोपे ‘वुई रेंट अवर हाउस’. या दुसऱ्या वाक्यातही एक काळजी घ्यावी लागते. रेंट हे क्रियापद भाड्याने घेणे आणि भाड्याने देणे या दोन्ही अर्थांनी चालते, म्हणून देण्याचा अर्थ असेल तेव्हा ‘रेंट आउट’ असे लिहावे. आमच्या करारनाम्यांत हा घोळ नको म्हणून देणाऱ्याला लायसन्सर आणि घेणाऱ्याला लायसन्सी असे आरंभीच नमूद करून पुढचा मजकूर लिहिला जातो.